कारण सांगायचं नाही

“मला द्यायची नाही,” त्रिशला म्हणाली, आणि लगेच दाराकडं बघितलं.

दार मी आतून लावून घेतलं होतं. बाहेर बाकावर तिची आई आणि आत्या बसल्या होत्या. किडनी देणाऱ्याशी एकट्यानं बोलायचं, हा आमच्याकडचा नियम. नातेवाईक रुसोत, फुगोत, आत यायचं नाही. तिच्या आत्यानं मघाशी दारातच मला सुनावलं होतं, “आमच्यापासनं चोरून काय इचारणार हाय ओ बाई? लगीन माझ्या पोराशी ठरलंय तिचं.” मी हसून दार लावलं. अठरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई मी, असल्या छप्पन्न आत्या बघितलेल्या. पुढं बढती मिळाली, दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लागली. पण कोल्हापुरात पाटी कोण वाचतंय? सगळे मला किडनीबाई म्हणायचे, आणि मलाही ते आवडायचं.

“हे कुणाकुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. तुम्हालाच.”

सव्वीस वर्षांची पोरगी. हुपरीजवळच्या गावची. घरात बसून चांदीच्या पैंजणांना कड्या जोडायची, त्यामुळं बोटांच्या टोकांना भाजल्याचे बारीक बारीक डाग. तिचा भाऊ सन्मती चौगुले आठवड्यातून दोनदा आमच्याकडं डायलिसिसला यायचा. बाप याच आजारानं पन्नाशीत गेलेला. घराण्यातला आजार, किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि एक दिवस ती काम सोडते. आईबापांत एकाला असला, तर प्रत्येक पोराला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. सन्मतीला मिळाला. त्रिशलाची सोनोग्राफी साफ होती, पण तिच्या वयात सोनोग्राफीवर विसंबता येत नाही, म्हणून जनुकांच्या तपासणीसाठी तिचं रक्त पुण्याला पाठवलेलं. आईला साखर, बायकोचा रक्तगट जुळेना. जुळत होता तो एकट्या त्रिशलाचा.

रिपोर्ट आदल्या दिवशी आला होता. माझ्या ड्रॉवरमध्येच होता.

“तुझं रक्त साफ आहे,” मी म्हणाले. “तुला तो आजार नाही, पुढंही होणार नाही.”

तिनं तोंडावर हात ठेवला आणि रडायला लागली. मला वाटलं, आनंदानं रडतेय.

“म्हणजे आता सुटका नाही,” ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आत्याचा मुलगा कुलभूषण. त्रिशला पाळण्यात असतानाच आत्यानं तिच्या पायात चांदीचे वाळे घातले होते. आमच्या भागात भाचीवर आत्याचा हक्क असतो, त्यात नवल काही नाही. पोरगी कुलभूषणचीच म्हणून वाढली, त्याच्यासाठीच थांबली. त्याची चांदी आटवायची भट्टी होती, ती जरा चालायला लागली की लग्न, असं म्हणता म्हणता सव्विसावं लागलं. आता दिवाळीनंतरचा मुहूर्त धरलेला.

“आत्यानं मला एकटीला मागच्या परड्यात गाठलं,” त्रिशला म्हणाली. “भावाला द्यायची तर दे, पुण्य लागेल तुला, पण मग माझ्या पोराचं नाव घेऊ नकोस म्हणाली. एका किडनीची सून मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही म्हणाली.”

“आणि कुलभूषण?”

“तो आत्याच्या शब्दाबाहेर नाही.” एवढं सांगतानाही ती लाजली. त्याचं नाव काही तिनं घेतलं नाही.

“मग घरात सरळ सांगून टाक.”

“दादा काही बोलणार नाही, नुसता बघेल. आई ताट बाजूला सारेल. जन्मभर मी भावाला मारलेली होईन, मॅडम.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. मला तिची दया आली. खरं सांगायचं तर दयेबरोबर थोडा तोराही आला. मी म्हणाले, “तू एक शब्द बोलायचा नाहीस. तुझी किडनी चालत नाही असं आम्हीच सांगू. घरच्यांचा जोर असला की आम्ही असं करतो.”

तिनं माझा हात घेऊन कपाळाला लावला. मला फार बरं वाटलं.

* * *

डॉक्टर ऋता पंडित दर गुरुवारी पुण्याहून यायच्या. घराण्यातल्या आजारांचं त्या बघायच्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, बोलणं मोजकं.

“तिची इच्छा नाही म्हणजे ती दाता नाही,” त्या म्हणाल्या. “‘योग्य दाता नाही’, एवढंच कळवा. कारण सांगायचं नाही.”

“ते कारण विचारणार.”

“विचारू देत. दात्याची माहिती गुप्त असते म्हणायचं.”

“मॅडम, ते तुमच्या पुण्यात चालतं. आमच्याकडं लग्नाला का आला नाहीस, याचंही माणसाला कारण द्यावं लागतं. कारण दिल्याशिवाय माणूस जाग्यावरनं हलत नाही.”

“घोरपडेताई, एक कारण दिलं की ते सावरायला दुसरं लागतं. आणि जे द्याल ते त्या मुलीच्या अंगाला चिकटेल.”

“बघते मी.”

“बघू नका. नुसतं सांगा आणि गप्प बसा.”

मला राग आला. ही काल आलेली पोर मला माझी माणसं शिकवणार. आमच्या माणसांशी कसं बोलायचं ते पुस्तकात नसतं, ते पायाखालची वाट असल्यासारखं मला ठाऊक होतं. निदान माझी तशी समजूत होती.

* * *

शनिवारी डायलिसिस झाल्यावर चौघांना आत घेतलं. सन्मती खुर्चीत बसला, हातावर सुईच्या जागी पट्टी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता तो. चौतिशीतला माणूस, पण शर्ट थोरल्या भावाचा घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. त्याची आई आक्काताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आत्या, राजमती तिचं नाव, सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसली. पिशवीतून गोळी काढली, माझ्याच टेबलावरचं पाणी घेऊन गिळली आणि म्हणाली, “बीपीची. सासू गेली, कटकट गेली, पर बीपी काय हटंना.” त्रिशला भिंतीला टेकून उभी राहिली.

“त्रिशलाची किडनी घेता येणार नाही,” मी म्हणाले. “ती योग्य दाता नाही.”

“का?” आक्काताई म्हणाली.

“तपासणीत तसं आलंय.”

“रगतगट जुळला म्हणाला हुतासा की.”

“रक्तगटावर सगळं नसतं, मावशी.”

“मग कशावर असतंय?”

मी पंडित मॅडमचं वाक्य काढलं. दात्याची माहिती गुप्त असते, म्हणाले. आक्काताईनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच तिचं काहीतरी लपवून ठेवलंय.

“गुप्त कसलं? पोटची पोरगी हाय ती माझ्या.”

सन्मती खुर्चीतल्या खुर्चीत वळला आणि बहिणीकडं बघायला लागला.

“तू नको म्हणालीस काय?”

आवाज चढवला नाही त्यानं. त्रिशलाचे ओठ हलले. आणखी क्षणभर गेला असता तर ती होय म्हणून मोकळी झाली असती. जे व्हायचं ते त्यांच्या घरात, त्यांच्यात त्यांच्यात झालं असतं. पण मला राहवलं नाही.

“तिला काय विचारता?” मी म्हणाले. “तिच्यातही तेच आहे. तुमच्या वडिलांचं. गाठी अजून दिसत नाहीत, पण रक्तात आहे.”

कारण लगेच पटलं. सन्मतीनं मान खाली घातली. आक्काताई म्हणाली, “माझ्या सन्मतीचं आता कसं हुयाचं?” हे पहिलं. त्यानंतर तिनं लेकीकडं बघितलं, पण जवळ काही बोलावलं नाही.

आत्या मात्र सावरून बसली होती. “हे बापाकडनंच येतंय न्हवं?”

“आईकडून येतं नाहीतर बापाकडून येतं. इथं चौगुल्यांकडून आलंय. तुम्हीही चौगुल्यांच्याच लेक की हो. तुम्ही आणि कुलभूषण, दोघांनी एकदा सोनोग्राफी करून घ्या.”

“आमची कशाला? अक्षता पडल्या तवाच माझं घराणं बदललं. पस्तीस वरसं झाली. चौगुल्यांचं काय ऱ्हायलंय माझ्यात?”

हे तिनं खरोखर मनापासून विचारलं. अक्षता पडल्या की आडनाव सुटतं, कुळाचार सुटतो, माहेरचं सुतकसुद्धा कमी होतं. मग रक्त का सुटू नये? तिला बसवून समजावून सांगायला हवं होतं. दारावर पाटी त्यासाठीच होती. पण माझं खोटं आत्ताच कुठं खपलं होतं, आणि कुणी ते उलटंपालटं करून बघायच्या आत ही माणसं बाहेर जावीत, एवढंच मला हवं होतं.

“बरं,” मी म्हणाले.

सगळे उठले. त्रिशला जरा मागं राहिली.

“आत्यासमोर कशाला सांगितलंत?” ती हळूच म्हणाली, आणि आईच्या मागून गेली.

* * *

पाच आठवड्यांनी ती एकटीच आली. दिवाळी होऊन गेली होती. टेबलासमोर उभीच राहिली.

“मोडलं,” ती म्हणाली.

आत्या भांडली नव्हती. आली, चहा घेतला, भावजयीच्या गळ्यात पडून रडली आणि जाताना पाळण्यातले वाळे परत मागितले. “एवढेसे वाळे ते, मॅडम. आईनं पेटीतनं काढून दिले. आत्यानं पदरात बांधून घेतले.” मग गावभर झालं, चौगुल्याच्या पोरीच्या रक्तात किडा आहे. कुलभूषण रस्त्यात दिसला तर गाडी वळवून दुसऱ्या गल्लीनं गेला.

“त्यांना खरं सांगा,” त्रिशला म्हणाली.

“खरं सांगायचं तर तू नको म्हणाली होतीस, तेही सांगावं लागेल.”

“सांगा. आता काय राहिलंय?”

मी ड्रॉवर उघडला आणि तिचा रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिचाच तो. द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. “हा दाखव आत्याला,” मी म्हणाले. मी स्वतः येते असं काही म्हणाले नाही.

आठ दिवसांनी ती परत आली. रिपोर्टची चौपट घडी झालेली.

“आत्या म्हणते, बाईनं तोंडानं एक सांगितलं आणि आता कागदावर दुसरं लिहिलं. कुठलं खरं धरायचं? टंच काढल्याशिवाय चांदी कोण घेतं, म्हणाली.”

टंच काढायचा म्हणजे चांदीचा तुकडा कापून, आटवून ती किती शुद्ध ते बघायचं. त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही हे माहीत असतं.

“म्हणून मी किडनी देते,” त्रिशला म्हणाली.

“काय?”

“जी डॉक्टर दादाच्या पोटात घालतील, ती वाईट आहे असं कोण म्हणेल? मग आत्याला बोलायला जागाच नाही.”

“अगं, तिची अट काय होती? एका किडनीची सून नको.”

“तेव्हा तसं म्हणाली. पण मी भावाला जीव दिलेला सगळं गाव बघेल. मग गावच तिला बोलेल.” तिनं सगळा हिशेब करून ठेवला होता. “लग्न नाही झालं तर नाही. पण रक्तात किडा असलेली म्हणून मला मरायचं नाही.”

“त्रिशला, ही तपासणी नव्हे. काढली की परत येत नाही ती.”

“तुमच्याकडं दुसरा उपाय आहे?”

होता. गाडी करून तिच्या गावाला जायचं, आत्याच्या सोप्यात बसायचं आणि चार माणसांसमोर म्हणायचं, बाई, मी खोटं बोलले. पोरीचं रक्त चांदीसारखं आहे. तासाभराचा रस्ता. पण गावात बोललेलं हॉस्पिटलात आलं असतं, पंडित मॅडमच्या कानावर गेलं असतं, आणि माझ्या निवृत्तीला अकरा वर्षं बाकी होती.

“बघते मी,” मी म्हणाले.

दहा दिवस मी बघितलं. म्हणजे काहीच केलं नाही. अकराव्या दिवशी तिच्या नावाची फाईल परत उघडली.

* * *

घरच्यांना सांगताना मी ‘फेरतपासणीत रक्त साफ निघालं’ असं सांगितलं. पंडित मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं, पहिल्या कारणाला दुसरं कारण जोडावं लागलं. आक्काताईनं माझ्यासमोर हात जोडले, देवाचं नाव घेतलं. सन्मती मात्र माझ्याकडं बघत राहिला.

“मॅडम, मी वजनकाट्यावर बसतोय. काटा एकाच गाडीचं वजन दोनदा दोन दाखवत नाही. दाखवलं तर कुणीतरी हात लावलेला असतोय.” मग तो बहिणीकडं वळला. “नको म्हणालीस तू.”

“होय,” त्रिशला म्हणाली.

आक्काताईचे जोडलेले हात तसेच राहिले. मला वाटलं सन्मती आता म्हणेल, मला नको तुझी किडनी. मानी माणूस होता.

“घेतो मी,” तो म्हणाला. “पण उपकार म्हणून नव्हे. बापानंच दोघांना दिलीय. माझ्या वाटणीला वाईट आली, तुझ्या वाटणीला चांगली. एवढंच.”

त्रिशलानं मान हलवली. भावाकडून काही घ्यायला ती आलीच नव्हती.

गुरुवारी पंडित मॅडमनी फाईल उघडली. “हिला तर द्यायची नव्हती ना?”

“मन बदललं तिचं.”

“कशामुळं?”

“भाऊ आहे शेवटी.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी नजर खाली केली नाही. वॉर्डात अठरा वर्षं घालवली की तेवढं येतं. त्यांनी सही केली.

कायद्याप्रमाणं कॅमेऱ्यासमोर जबाब घ्यायचा असतो. प्रश्न मीच विचारायचे. तीच खोली, तेच आतून लावलेलं दार.

“तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?”

“नाही.”

“कुणी काही आमिष दाखवलंय?”

“नाही.”

“किडनी स्वखुशीनं देताय?”

“होय. स्वखुशीनं.”

पहिल्यांदा तिनं खरं उत्तर दिलं होतं, ते मी झाकून ठेवलं. आता खोटं दिलं, ते मी लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली. कॅमेरा बंद केल्यावर तिनं विचारलं, “मॅडम, व्रण केवढा राहतो?”

“असेल चार-पाच इंच. कमरेच्या वर, कुशीला. साडीत दिसणार नाही, काळजी करू नको.”

“दिसायला पाहिजे होता,” ती म्हणाली.

* * *

ऑपरेशन उत्तम झालं. किडनी सन्मतीच्या पोटात टेबलावरच काम करायला लागली. सर्जनसाहेब म्हणाले, अशी देखणी किडनी वर्षातून एखादीच मिळते. मी हे त्रिशलाला जाऊन सांगितलं. तिनं दोनदा सांगायला लावलं. “देखणी म्हणाले?” “होय, देखणी.” तिनं डोळे मिटून घेतले आणि हसली. तेवढं एकदाच मी तिला हसताना बघितलं.

पाचव्या दिवशी आत्या आली. मी तिथंच होते, ड्रेसिंगचं बघत होते. आत्याला दारात बघितल्याबरोबर त्रिशला उठून बसायला लागली. टाके ओढले गेले असणार, पण तिनं तोंड वाकडं केलं नाही. केस सारखे केले, पदर घेतला.

“निजून ऱ्हा, निजून ऱ्हा,” आत्या म्हणाली. शहाळी आणली होती. तिनं त्रिशलाच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. “गुणाची गं माझी भाची ती. भावाला जलम दिलास. समदं गाव तुझं नाव काढाय लागलंय.”

त्रिशला माझ्याकडं बघत होती. बघा, असं तिचे डोळे म्हणत होते.

“आता कळलं न्हवं, आत्या? माझं रगत चांगलं हाय ते?” आत्याशी बोलताना ती घरच्या बोलीत आली.

“कळलं की. न कळाय काय झालं? डाक्तर काय खुळं हाईत?” आत्यानं पिशवीत हात घातला, आणि शहाळ्यांच्या शेजारी, कपाटावर, एक पत्रिका ठेवली. हळदीकुंकू लावलेली. “कुलभूषणचं धरलंय, म्हैन्यानं. सांगलीची हाय पोरगी. तुला तवर हिंडाय-फिराय येतंय का बग. करवलीचा मान तुझाच. मी दुसऱ्या कुणाला दिल्याला न्हाई.”

त्रिशलानं पत्रिका उचलली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, प्रेषकांची नावंसुद्धा. मग म्हणाली, “शहाळी फोडून दे की गं आत्या. तहान लागलीय.”

आत्या विळा मागायला बाहेर गेली. मी ड्रेसिंगचा ट्रे उचलला आणि तिच्या मागोमाग निघाले. खोलीत थांबायचं धाडस मला झालं नाही.

* * *

याला नऊ वर्षं झाली, आणि माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं, तेव्हाची ही शेवटची गोष्ट.

सन्मती मधल्या काळात वर्षातून दोनदा तपासणीला यायचा. अंगानं भरला होता. बहिणीचं विचारलं की म्हणायचा, “हाय घरात.” मागच्या खोलीत राहते आणि कड्या जोडते, असं आक्काताईकडून कळायचं. दादा तिच्याशी बोलत नाही. भाऊबीजेला ती ताट करून ठेवते आणि तो त्या दिवशी कारखान्यात जादा पाळी घेतो. स्थळं आली नाहीत. काहींना रक्तातला किडा आठवत होता, काहींना एक किडनी, आणि बऱ्याच जणांना दोन्ही.

तर त्या दिवशी दारात राजमती आत्या उभी. म्हातारी झाली होती, पाय सुजलेले. मागं बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. कुलभूषणला मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, पण ओळखला. शर्ट थोरल्या भावाचा घातल्यासारखा लोंबत होता.

फाईल बघितली. दोन्ही किडन्या गाठींनी भरलेल्या. आत्याचीही सोनोग्राफी कुणीतरी करायला लावली होती. तिच्याही तशाच, फक्त सावकाश चाललेल्या. इतकी वर्षं ती ज्याला बीपी म्हणत होती ते हेच होतं. पोराला आईकडूनच आलेलं. चौगुल्यांचं.

मी फाईल मिटली. तिनं ते घराणं बदलल्याचं काढलं नाही.

“सुनेला तिच्या म्हायेरच्यांनी न्हेलं,” ती म्हणाली. “रगत तपासायच्या आदीच न्हेलं. पोरगं धा वरसं तरी काडंल का ओ असं मशीनवर?”

“काढतात कोणी कोणी.”

ती खुर्ची ओढून टेबलाजवळ आली. “त्रिशलाला इचारता यील काय?”

मला वाटलं, विसरली म्हातारी. “आत्या, तिच्याकडं एकच आहे. दुसरी सन्मतीला दिली ना.”

“ते ठावं हाय मला.” तिनं आवाज खाली आणला. “मशीनवर माणसं जगत्यात म्हणं. आताच म्हणालासा. तिला ना नवरा, ना पोर. तिला काय कुटं जायाचं हाय? माझं पोरगं संसारी हाय, दोन लेकरं हाईत त्याला. आणि जीव हुता बगा तिचा त्याच्यावर. लहानपणापासनं.” तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “तुम्ही एकटीला घिऊन इचारलंसा, तर ती न्हाई म्हणायची न्हाई.”

तिचं खरं होतं. त्रिशला नाही म्हणाली नसती. नाही म्हटल्यावर काय होतं, ते मीच तिला दाखवून दिलं होतं.

“त्रिशला योग्य दाता नाही,” मी म्हणाले.

“का?”

कारणं जिभेच्या टोकावर होती. कायदा, एकच किडनी, वय. त्याच्याही मागं एक कारण होतं, ते मी नऊ वर्षं गिळून बसले होते. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती. कारण घेतल्याशिवाय ही उठणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझीच माणसं ही.

“का ओ बाई? सांगा की.”

“कारण आम्ही सांगत नाही,” मी म्हणाले.

ती उठली नाही. मग तिनं पिशवीतून गोळी काढली, माझ्या टेबलावरचं पाणी घेतलं आणि गिळली.